रोजकीर्दीतला ळ

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. बँकेत पूर्वी असायची तशी, कोपरे झिजलेली. पहिल्या पानावर २००४ सालच्या जूनमधली एक तारीख आणि तिच्यापुढे दोनच शब्द : "ळ गेला." त्याखाली चार दिवस कोरे. पाचव्या दिवशी लिहिलंय, "ळ सापडला. दोष लहान तीनचा."

ही वही काकांची. काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. साताऱ्याला आमच्या आळीत दोन घरं सोडून राहायचे. एका बँकेत कारकून म्हणून लागले, बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा त्या खात्यात गेले, कोबॉल शिकले, आणि २००० च्या सुमारास बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा घरी बसले. बसले म्हणजे नावापुरते. गावोगावचे, धंद्याधंद्यातले मराठी शब्द एका ठिकाणी गोळा व्हावेत, ज्याला जो शब्द ठाऊक आहे त्यानं तो स्वतः लिहावा, दुसऱ्यानं त्यात भर घालावी, चुकलं असेल ते सुधारावं, असं एक संकेतस्थळ त्यांनी स्वतःच्या पैशानं सुरू केलं. सुतार, गुळवे, कोष्टी, सुईणी, शाळामास्तर अशी माणसं तिथे लिहायची. काहींच्या वतीनं त्यांची नातवंडं लिहायची.

त्यांनी प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहिला नव्हता. युजमॉडविकी नावाचा, पर्ल भाषेतला, एकाच फाइलीत मावणारा प्रोग्रॅम त्यांनी उतरवून घेतला होता. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला तो याच प्रोग्रॅमवर. काकांनी तो युटीएफ-८ वर आणला, मराठी लिहून पाहिली आणि सगळं नीट उमटलं. फक्त ळ उमटेना. 'गूळ' लिहिला की 'गू' आणि पुढे एक चौकोन. 'मुसळ', 'वेळ', 'काळ', सगळ्यांची तीच गत. एरवी 'ज्ञ'पासून 'ऋ'पर्यंत सगळं ठणठणीत.

हा प्रसंग मी काकांच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल! युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांत लिहिलं जातं. ळ चे तीन आकडे २२४, १६४ आणि १७९. आणि काकांच्या हाती आलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये १७९ हा आकडा फाइलीतल्या दोन कप्प्यांमधली भिंत म्हणून वापरलेला होता. पाश्चात्त्य अक्षरसंचात १७९ म्हणजे आकड्याच्या डोक्यावर लिहितात तो लहान तीन, घनाचा. तो सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून लेखकानं तो निवडला; आणि कुणी चुकून लिहिलाच तर भिंत पडू नये म्हणून मजकूर साठवताना तो काढून टाकायची तजवीज केली. इंग्रजीपुरता विचार अगदी चोख होता. आपला ळ मात्र त्यात प्रत्येक वेळी तिसरा पाय गमावून बसायचा. काकांना हे कळायला चार दिवस लागले. वहीतली कोरी जागा त्या चार दिवसांची आहे.

मी काकांकडे जायला लागले २००८ साली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरी कॉम्प्युटर नव्हता. वडिलांनी काकांकडे शब्द टाकला. काका म्हणाले, "येऊ दे तिला. रोज संध्याकाळी एक तास माझ्याबरोबर कोड वाचायचा, मग उरलेला वेळ मशीन तिचं." फीचं विचारल्यावर म्हणाले, "आजी आहेत ना घरी? दर आठवड्याला त्यांच्याकडून एक शब्द आणायचा."

आजी जावळी खोऱ्यातली. तिच्याकडून मी पहिला शब्द नेला तो 'इर्जिक'. एखाद्याचं शेत नांगरायचं राहिलं की गावातले बैल-नांगर एका दिवशी त्याच्या रानात उतरायचे. मजुरी कुणी घ्यायचं नाही, ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. काकांनी तो शब्द मला माझ्या हातानं लिहायला लावला आणि माहिती देणाऱ्याच्या जागी आजीचं नाव घालायला सांगितलं. आजीला मी ते पान छापून नेऊन दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागदावरून हात फिरवला आणि तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिला.

कोड वाचायचा म्हणजे मोठ्यानं वाचायचा. कॉलेजात आम्हांला प्रोग्रॅम लिहायला शिकवत होते. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम वाचायला कुणी बसवलं नव्हतं. काकांनी पहिल्या दिवशी फाइलीच्या अगदी वरच्या ओळी वाचायला लावल्या, तिथे फक्त नावं होती. क्लिफर्ड ॲडम्सनं हा प्रोग्रॅम मार्कुस डेंकरच्या ॲटिसविकीवरून केला, डेंकरनं तो पीटर मेरेलच्या सीव्हीविकीवरून, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी वॉर्ड कनिंगहॅमचं १९९५ सालचं पहिलं विकी. "आधी ही चार नावं पाठ कर," काका म्हणाले. श्राद्धाला आम्ही नावं घेतो तशी मी ती म्हणून दाखवली होती.

ॲडम्सचं नाव काका विशेष प्रेमानं घ्यायचे. कनिंगहॅमच्या विकीत एका पानावरून दुसऱ्या पानाचा दुवा द्यायचा तर दोन शब्द जोडून प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत काढायचं, अशी पद्धत होती. आता देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी कुठून आणायची? त्या पद्धतीत मराठी विकी होणंच शक्य नव्हतं. ॲडम्सनं २००१ मध्ये शब्दाभोवती दुहेरी चौकोनी कंस घालून दुवा द्यायची सोय केली. इंग्रजी विकिपीडियावाल्यांना जोडशब्दांचा जाच होत होता म्हणून ती झाली, पण ती झाली तेव्हा जगातल्या ज्या ज्या लिपीत मोठं अक्षर नाही तिला दार उघडलं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तेव्हा ते कंस तयार होते. आजही तेच कंस आहेत.

काकांनी त्या प्रोग्रॅममध्ये केलेला पहिला बदल ळ चा, दुसरा मात्र त्यांच्या पेशातून आलेला. युजमॉडविकीत जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवसांनी आपोआप काढून टाकल्या जायच्या, डिस्क भरू नये म्हणून. काकांना ते सहनच झालं नाही. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत. तिच्या उलट दुसरी नोंद करतात, दोन्ही राहतात, आणि कुणी काय केलं ते वीस वर्षांनीही दिसतं. त्यांनी ती काढून टाकायची सोय बंद केली. डिस्क भरली तेव्हा पेन्शनीतून नवीन घेतली. विकिपीडियाच्या पहिल्या आठवड्यांतल्या नोंदी अशाच नाहीशा झालेल्या होत्या. २०१० च्या डिसेंबरात विकिपीडियाचा प्रोग्रॅमर टिम स्टार्लिंग याला जुन्या बॅकअपमध्ये त्या सापडल्या, तेव्हा काकांनी मला पुण्याला फोन करून ती बातमी सांगितली, घरातलंच हरवलेलं माणूस परत आल्यासारखी.

आणि मग २०१६ आलं.

मी तोवर पुण्यात नोकरीत रुळले होते. काकांचे डोळे अधू झाले होते, त्यामुळे संकेतस्थळाचं काम मी आणि दोन तरुण मित्र बघत होतो. ज्यांच्या सर्व्हरवर ते होतं त्यांनी एका रात्रीत सगळी यंत्रणा नवी केली आणि सकाळी संकेतस्थळ बंद. कारण साधं होतं. आमचा प्रोग्रॅम ज्या सीजीआय मॉड्यूलवर उभा होता, ते पर्लच्या ५.२२ या आवृत्तीपासून पर्लबरोबर मिळायचं बंद झालं होतं. ते वेगळं बसवलं की काम भागत होतं, आणि दोन दिवसांनी भागलंही. पण त्या दोन दिवसांत आमचं ठरून गेलं की आता हे पुरे. बारा वर्षांपूर्वीची गोधडी, एकावर एक ठिगळं. सगळं नव्यानं लिहायचं.

आम्ही तिघं शनिवारी रात्री उशिरापर्यंत वाद घालायचो. एकानं नेटस्केपचा दाखला दिला. त्या कंपनीनं ब्राउझर मुळापासून लिहायला घेतला, पाचवी आवृत्ती बाजारात आलीच नाही, सहावी आली तोवर मधली वर्षं निघून गेली होती. जोएल स्पॉल्स्कीनं २००० साली त्यावर लेख लिहून चालता कोड टाकून देणं ही घोडचूक ठरवली. दुसरा म्हणाला, मग विकिपीडियाचं काय? त्यांनी तर युजमॉडविकी एका वर्षात टाकून दिला. कोलोन विद्यापीठात शिकणाऱ्या माग्नुस मान्स्केनं पीएचपीत नवा प्रोग्रॅम लिहिला, जानेवारी २००२ मध्ये इंग्रजी विकिपीडिया त्यावर गेला. तो गर्दीपुढे दमायला लागला तर ली डॅनियल क्रॉकरनं पुन्हा नव्यानं लिहिला आणि त्याच वर्षीच्या जुलैत तो चालू झाला. आज ज्याला मीडियाविकी म्हणतात तो त्यातूनच वाढला. दोन्ही दाखले खरे होते. मी नव्यानं लिहायच्या बाजूची होते. तीन आठवड्यांत मी एक नमुना उभा केलासुद्धा. देखणा होता, मोबाइलवर झकास दिसायचा. जुन्या फाइलींतला सगळा मजकूर मी त्यात आणला आणि रोज लिहिणाऱ्या पाच-सहा जणांना बघायला दिला.

तिसऱ्या दिवशी कराडकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. त्यांच्या माहेरी गुऱ्हाळ होतं आणि त्यांनी दहा वर्षांपूर्वी 'गुऱ्हाळ' या पानावर चुलवाण, काहील, चिपाड, मळी, काकवी, ढेप असे शब्द एकेक करून वर्णनासह लिहिले होते. गुळव्या रसाचा पाक झाला की नाही ते पाण्यात थेंब टाकून कसं बघतो, तेही. बाई अजिबात रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अगं, माझं गुऱ्हाळ दिसत नाही. पान उघडतंय, पण त्यात कुणीतरी एकच ओळ लिहिलीय. माझी चूक झाली का काही?"

पान होतं. दोन होती. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द, आतून दोन. 'गुऱ्हाळ'मधला तो पापणीसारखा र पूर्वी एका रीतीनं लिहिला जायचा : र, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. नंतरच्या कळफलकांवर त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर आलं. बाईंचं पान जुन्या रीतीचं, एक ओळ लिहिणाऱ्याचं नव्या. काकांच्या प्रोग्रॅममध्ये या दोहोंना एकत्र आणणाऱ्या सहा ओळी होत्या. मी त्या वाचल्या होत्या, 'जुन्या ब्राउझरसाठीचा कचरा' असं ठरवून माझ्या यादीत टाकल्या होत्या, आणि नव्या प्रोग्रॅममध्ये घेतल्या नव्हत्या. वऱ्हाड, कुऱ्हाड, वाऱ्या, दोऱ्या, कितीतरी शब्द असे दोन-दोन झाले होते.

मी त्या शुक्रवारी स्वारगेटहून साताऱ्याची गाडी पकडली. माझ्याजवळ ती यादी होती, टाकून द्यायच्या ओळींची. एकेचाळीस जागा.

काकांना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, दुखावतील. ते म्हणाले, "नव्यानं लिहायचं तर लिही. मी आड येणार नाही. पण आधी काढ वही." मी यादीतली जागा वाचायची, वर्ष सांगायचं, ते पान चाळायला लावायचे आणि मी नोंद मोठ्यानं वाचायची. त्यांना दिसत नव्हतं, पण कुठली नोंद डाव्या पानावर आणि कुठली उजव्या हे आठवत होतं. काकू मधूनच चहा ठेवून जायच्या. हे तीन संध्याकाळी चाललं.

दर मिनिटाला अर्धवट मजकूर सर्व्हरवर ठेवणारी ओळ मला विचित्र वाटली होती. वहीत : "कराड. भारनियमन. बाईंचं दोन तासांचं टंकन गेलं. रडल्या." ती त्याच बाईंची नोंद होती. अनुक्रम लावायचं एक लांबलचक फंक्शन मी निरुपयोगी ठरवलं होतं, कारण क्रम लावायची सोय आता डेटाबेसातच असते. वहीत : "ळ ल च्या मागे लागतोय. मराठीत ळ ह नंतर. मग क्ष, ज्ञ. पोरांना शब्द सापडेना." युनिकोडात ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे आहे, नुसत्या क्रमांकानं लावलं तर आपली वर्णमाला मोडते. मी ती पहिलीत शिकले होते आणि नमुना लिहिताना मला तिची आठवणही झाली नव्हती.

एकेचाळीसांपैकी सव्वीस जागा वहीत सापडल्या. त्यामागे कुणी ना कुणी माणूस होता, कुठल्या ना कुठल्या गावचा, ज्याचं काहीतरी अडलं होतं आणि त्यानं कळवलं होतं. उरलेल्या पंधरांपैकी काही काकांनी स्वतः रद्द करायला सांगितल्या. "हे जुन्या फाँटांसाठी होतं, आता कुणी वापरत नाही. काढ." आणि दोन गोष्टींबद्दल तर ते माझ्याहून कठोर होते. एक म्हणजे पानं सुट्या फाइलींत ठेवणं. शोधायला प्रत्येक वेळी सगळ्या फाइली उघडाव्या लागतात. दुसरं ते कुलूप. दोघांनी एकदम लिहू नये म्हणून प्रोग्रॅम एक फोल्डर तयार करायचा आणि काम झालं की काढायचा. मध्येच सर्व्हर बंद पडला की फोल्डर तसंच राहायचं आणि कुणालाच लिहिता यायचं नाही. किती रात्री उठून त्यांनी ते हातानं काढलं होतं, ते वहीत होतंच. "हे दोन्ही मुळापासून टाका," ते म्हणाले. "मला जमलं नाही म्हणून राहिलं."

मग मी त्यांना मान्स्के आणि क्रॉकरचं विचारलं. त्यांनी नव्यानं लिहून कसं निभावलं? काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते दोघं स्वतः तिथे रोज लेख लिहीत होते. आणि लोकांनी लिहिलेली पानं? ती पद्धत बदलली का त्यांनी?" नव्हती बदलली. कंस तेच, मजकूर लिहायची बहुतेक रीत तीच. पानाच्या खालची यंत्रणा बदलली आणि लिहिणाऱ्याचा हात तसाच चालू राहिला. त्यानंतर मीडियाविकीसारखा अवाढव्य प्रोग्रॅमही कुणी एका दमात नव्यानं लिहिलेला नाही. एकेक भाग घेत बदलत आलेत. पार्सॉइड हा भाग आधी वेगळा, जावास्क्रिप्टमध्ये केला आणि २०१९ मध्ये पीएचपीत आणून मुख्य प्रोग्रॅमजवळ बसवला. हे शेवटचं मला तेव्हा सांगता येण्यासारखं नव्हतं. नंतर ते वाचलं तेव्हा काकांना फोनवर वाचून दाखवलं होतं.

रविवारी रात्रीच्या गाडीनं परत येताना खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत माझं मन ठरलं होतं. नमुना बाजूला ठेवायचा. आधी फाइलींतली पानं डेटाबेसात न्यायची, जुन्या प्रोग्रॅमला हातही न लावता, नुसता खालचा कप्पा बदलायचा. मग कुलूप. मग दिसणारी बाजू, तिथे माझ्या नमुन्यातलं बरंच कामी आलं. प्रत्येक टप्प्याला वहीतल्या सव्वीस नोंदी म्हणजे सव्वीस चाचण्या : गुऱ्हाळ दोन्ही रीतींनी लिहून एकच पान उघडतं का, ळ ह नंतर येतो का, वीज गेल्यावर मजकूर उरतो का. मित्रांपैकी एकाला हे पटलं नाही. त्याला नवं काहीतरी घडवायचं होतं, आणि त्याचं वय बघता त्यात गैर काही नव्हतं. तो गेला. आम्हां दोघांना सगळं पुरं करायला पावणेदोन वर्षं लागली. नव्यानं लिहून कदाचित कमी वेळ लागला असता. त्या पावणेदोन वर्षांत संकेतस्थळ एकही दिवस बंद पडलं नाही, आणि बाईंनी मधल्या काळात 'गुऱ्हाळ'च्या पानावर आणखी नऊ शब्द चढवले.

काका २०२० च्या पावसाळ्यात गेले. त्या दिवसांत जायला मिळालं नाही. नंतर काकूंनी वही हातात दिली. म्हणाल्या, "ही तुझीच. त्यांनी सांगून ठेवलं होतं."

पर्लची ती मूळ फाइल आता अगदी लहान झाली आहे. दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवणारा जुना भाग तेवढा अजून चालू आहे, नीट चालतो म्हणून. वरची चार नावं मी तशीच ठेवली आहेत. काकांनी स्वतःचं नाव तिथे कधी घातलं नव्हतं. पाचवं मी घातलं.

गेल्या महिन्यात गुऱ्हाळ पुन्हा हरवलं. कुणीतरी तो शब्द एका फाइलीच्या नावावरून उचलून चिकटवला होता आणि त्यात तिसरीच रीत निघाली : साधा र आणि त्याखाली सुटा नुक्ता. दिसायला तोच शब्द. मी सहा ओळींच्या आठ केल्या, मग खण उघडला आणि वही काढली. तारीख, गाव, शब्द, कारण. खाली पट्टी धरून रेघ मारली, काका मारायचे तशी, मध्ये जागा न सोडता.